जुन्या बुलेटची खरेदी आणि पुनरुज्जीवन

मोटारसायकल हा शब्द मराठीत रुळल्यानंतरही बराच काळ लोकांच्या तोंडी फटफटी हाच शब्द होता. वाहनाला त्याच्या आवाजावरून नाव देण्याची ही रीत मोठी मार्मिक होती. गल्लीच्या टोकाला फटफट ऐकू आली की घरातल्या माणसांना कोण आले ते न पाहता कळत असे. त्या पिढीतील पुष्कळशा फटफट्या आज मोडीत निघाल्या आहेत. काही मात्र अजून वाड्याच्या पडवीत, गोठ्याशेजारच्या खोपटात किंवा शहरातल्या इमारतीच्या जिन्याखाली गोणपाट पांघरून उभ्या आहेत. अशी एखादी गाडी विकत घ्यावी, तिला पुन्हा चालती करावी आणि तिच्यावरून देश पाहावा, अशी इच्छा पुष्कळांना होते. ही इच्छा चांगली आहे. परंतु तिच्यात पैसा, कायदा आणि प्राण या तिन्हींचा संबंध येत असल्यामुळे तिचा विचार भावनेच्या भरात न करता क्रमवार करणे अगत्याचे आहे.

भारतात लांबच्या प्रवासाची जुनी मोटारसायकल म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच नाव उभे राहते, ते म्हणजे बुलेट. हे वाहन मूळचे इंग्लंडमधील रेडिच या गावचे. बुलेट हे नाव रॉयल एनफील्ड कंपनीने 1932 मध्ये प्रथम वापरले. मागच्या चाकाला झुलत्या दांड्याचा आधार देणारी, आज आपल्या ओळखीची असलेली रचना त्यानंतर 1949 च्या सुमारास आली. भारतीय लष्कराला सरहद्दीवरील गस्तीसाठी दणकट दुचाकी हवी होती. तेथून या गाडीचा आणि भारताचा संबंध जडला. 1955 साली मद्रास मोटर्सच्या सहभागाने एनफील्ड इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्रियूर येथे कारखाना उभा राहिला. आरंभी इंग्लंडहून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. पुढे सर्व भाग येथेच होऊ लागले. इंग्लंडमधील मूळ कारखानदारी 1970 पर्यंत संपुष्टात आली, मद्रासची मात्र चालू राहिली. 1977 पासून तर येथे तयार झालेली बुलेट इंग्लंडमध्ये विकली जाऊ लागली. मुलीने माहेरी परत जाऊन घर सावरावे, तसाच हा प्रकार झाला. जुन्या बिडाच्या सिलिंडरचे इंजिन 2010 च्या सुमारास बंद झाले. त्यानंतरच्या गाड्यांचे नाव तेच असले तरी त्यांची रचना वेगळी आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्यापूर्वीच्या, बिडाच्या इंजिनाच्या 350 च्या गाडीचा.

लांबच्या प्रवासाला ही गाडी का मानवते, याचे उत्तर तिच्या मापांत आहे. तिच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर असून दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर आहे. त्यावरून एकूण घनफळ 346 घनसेंटिमीटर येते. व्यासापेक्षा धाव मोठी असली आणि फिरते चक्र जड असले की इंजिन सावकाश फिरते, पण प्रत्येक फेऱ्यात भरीव जोर देते. चढावर वारंवार गिअर बदलावा लागत नाही. ताशी 60 किलोमीटरच्या आसपास ही गाडी तासन्‌तास संथपणे जाऊ शकते. तिच्याकडून 100 ची अपेक्षा करणाऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग साध्या पान्याने खोलता येतो, डोळ्यांनी पाहता येतो आणि हाताने दुरुस्त करता येतो. ज्या काळी दोन शहरांच्या मधे एखादाच लोहार किंवा पंप दुरुस्त करणारा सापडे, त्या काळासाठी हे यंत्र योजलेले होते. जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनाची शक्यता मूळच्या या योजनेतच दडलेली आहे.

बाजारात जुनी बुलेट तीन अवस्थांत आढळते. पहिली रोज चालणारी, दुसरी काही वर्षे उभी असलेली आणि तिसरी खोक्यांत भरलेली, म्हणजे कोणी हौसेने खोलली व पुन्हा जोडण्याचे राहून गेले अशी. किंमत याच क्रमाने उतरत जाते आणि पुढे करावयाचा खर्च याच क्रमाने चढत जातो. खोक्यातली गाडी स्वस्त दिसते, परंतु तिच्यातले चार लहान भाग हरवलेले असतात आणि तेच नेमके सहजी मिळत नाहीत. ज्याला पुढच्या हंगामात प्रवासास निघावयाचे आहे त्याने चालती गाडी घ्यावी. ज्याला शिकावयाचे आहे त्याने उभी असलेली घ्यावी. खोक्यातली गाडी ज्याच्या घरी आधीच एक चालती गाडी आहे त्यालाच परवडते.

गाडी पाहण्यास जाणारा मनुष्य प्रथम इंजिन चालू करावयास सांगतो. वस्तुतः त्याने प्रथम कागद मागितले पाहिजेत. वाहनाची मालकी पैसे दिल्याने सिद्ध होत नाही, ती नोंदीने सिद्ध होते. नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष कोरलेल्या क्रमांकांशी अंकन्‌अंक जुळला पाहिजे. क्रमांकावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरविली की अक्षरांचा ठसा उमटतो. परिवहन कार्यालयातही हीच जुनी पद्धत वापरली जाते. क्रमांकाभोवतीचा पत्रा किंवा बीड घासून गुळगुळीत केलेले दिसले, अक्षरे वाकडीतिकडी किंवा कमीअधिक खोलीची दिसली, तर पुढचे काहीही न पाहता परत फिरावे. चोरीची गाडी घेतल्यास पैसे जातात, गाडी जाते आणि चौकशीचा फेरा मागे लागतो तो वेगळाच. इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नव्हे. परंतु तो बदल नोंदीत आलेला असला पाहिजे.

जुन्या गाड्यांच्या कागदांतील अडचणी ठराविक असतात. एक म्हणजे नोंद हस्तलिखित रजिस्टरात आहे पण संगणकावर चढलेली नाही. अशा वेळी मूळ कार्यालयात जाऊन ती चढवून घेण्याचे काम विकणाऱ्यानेच व्यवहारापूर्वी करावे, असा आग्रह धरावा. दुसरी अडचण म्हणजे नोंदीतील मालक हयात नाही आणि मुलगा किंवा पुतण्या गाडी विकत आहे. येथे प्रथम वारसाच्या नावे नोंद झाली पाहिजे, नंतरच विक्री. इतर वारसांची संमती लेखी असावी. वडिलांच्या गाडीविषयी भावंडांत उफाळणारा वाद हा तिच्या किमतीच्या मानाने पुष्कळदा फार मोठा असतो. तिसरी अडचण गाडी परराज्यातील असण्याची. तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणि आपल्या राज्याचा कर या दोन्हींचा हिशेब किंमत ठरण्यापूर्वी करावा. खाजगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी होऊन दर 5 वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. ते झालेले आहे काय, हेही पाहावे.

मोटार वाहन अधिनियम 1988 अन्वये एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतराची माहिती कार्यालयास द्यावयाची असते. पुष्कळ लोक कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेऊन वर्षानुवर्षे स्वस्थ बसतात. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्याच्या नावे नोंद आहे तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक होय, मग गाडी प्रत्यक्षात चार हात पुढे गेलेली का असेना. म्हणजे ज्याने गाडी दहा वर्षांपूर्वी विकली आणि तिचा रंगही ज्याला आठवत नाही, त्याच्या दारी एखाद्या अनोळखी माणसाच्या मृत्यूचा दावा येऊ शकतो. नोंद बदलणे हा शिष्टाचार नसून दोन्ही पक्षांचे संरक्षण आहे.

50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम झाले. त्यांचे आकर्षण पुष्कळांना वाटते. परंतु या नोंदणीखालील वाहन प्रदर्शन, शर्यतीवजा मेळावे आणि दुरुस्ती किंवा इंधनासाठीची ये-जा अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याचा वापर तिला वर्ज्य आहे. तेव्हा ज्याला प्रवास करावयाचा आहे त्याने साधी नोंदणी नूतन करून ठेवणेच हिताचे. दिल्ली आणि तिच्या परिसराची गोष्ट आणखी निराळी. तेथे 15 वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली आणि पुढेही या विषयावर वेळोवेळी आदेश निघाले. त्या भागात राहणाऱ्याने किंवा त्या भागातून जाणाऱ्याने त्या त्या वेळचा आदेश पाहूनच पाऊल टाकावे.

कागद निर्दोष ठरले म्हणजे मग यंत्राकडे वळावे. गाडी पाहावयाची ती सकाळी आणि थंड असताना. सिलिंडरला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर मालकाने गाडी आधीच चालवून ठेवली आहे, असे समजून दुसऱ्या दिवशी यावे. कारण इंजिनाचे बहुतेक दोष पहिल्या दोन मिनिटांत बोलतात. किकवर सावकाश वजन टाकले असता ती क्षणभर तरी माणसाला पेलून धरते काय, हे पाहावे. ती लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली तर दट्ट्याच्या कड्या किंवा झडपा निकामी झाल्या आहेत. इंजिन चालू झाल्यावर धुराचा रंग पाहावा. थंडीत आरंभी दिसणारा पांढरा धूर म्हणजे वाफ होय, तो निघून जातो. काळा धूर कार्ब्युरेटरचा दोष सांगतो आणि तो स्वस्तात दूर होतो. निळा धूर मात्र सतत येत असेल तर तेल जळत आहे, आणि त्याचा अर्थ बोअरिंगचा खर्च असा आहे. वरच्या बाजूचा हलका टकटकाट फारसा चिंतेचा नसतो. परंतु गाडीवर भार पडताच खालून जड, बोदा ठोका ऐकू आला तर कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग गेले आहे. या गाडीत ते बेअरिंग तरत्या बुशाचे असते आणि स्वच्छ तेलाच्या अखंड पुरवठ्यावरच जगते. ते बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन उकलावे लागते.

नंतर सांगाडा पाहावा. पुढचा ब्रेक दाबून धरून गाडी मागे-पुढे हलविली असता हँडलच्या मुळाशी खट्‌कन आवाज आला तर तेथील गोळ्या झिजल्या आहेत. मागचे चाक धरून आडवे हलविल्यास झुलत्या दांड्याच्या बुशांची अवस्था कळते. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणली की चासी सरळ आहे की अपघातात वाकली आहे, हे सुतारसुद्धा सांगू शकेल. स्पोकांवर पेन्सिल फिरवावी. ज्याचा सूर इतरांहून बोदा तो सैल असतो. टाकीत विजेरी टाकून पाहावी आणि वासही घ्यावा. कुजलेल्या पेट्रोलचा आंबट वास एकदा घेतला की विसरत नाही. टायरवर जाडी शिल्लक आहे एवढ्याने समाधान मानू नये. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. 2319 असे असल्यास तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. उभ्या गाडीच्या टायरावर नक्षी नव्यासारखी असूनही रबर दगडासारखे झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर त्याच्यावर विसंबणे म्हणजे निष्कारण जीव धोक्यात घालणे होय.

एवढे पाहून झाल्यावर सर्वांत अवघड काम उरते, ते म्हणजे नको म्हणण्याचे. घेणारा मनुष्य लांबून आलेला असतो, मालकाने चहा दिलेला असतो, टाकीवरची जुनी सोनेरी रेघ मनात भरलेली असते. अशा वेळी आपण पाहिलेले दोष आपणच लहान करून सांगू लागतो. यावर उपाय एकच. कोणत्या तीन गोष्टी आढळल्यास गाडी घ्यावयाची नाही, हे घरून निघताना कागदावर लिहून न्यावे. क्रमांकांत फेरफार, वाकलेली चासी आणि अपूर्ण मालकी हे तीन दोष पैशाने भरून येत नाहीत. बाकीचे सारे येतात.

गाडी घरी आली म्हणजे हौशी मनुष्य प्रथम तिला रंग देतो आणि क्रोम चढवितो. हा क्रम उलटा आहे. पुनरुज्जीवनाचा पहिला नियम असा की जी गाडी थांबत नाही तिला चालू करू नये. म्हणून आरंभ ब्रेकपासून करावा. जुन्या बुलेटला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. त्यांचे अस्तर तेलकट किंवा काचेसारखे गुळगुळीत झालेले असते. ते बदलावे, ड्रम वाटोळा राहिला नसेल तर लेथवर सारखा करून घ्यावा आणि ब्रेकची तार नवीन घालावी. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ब्रेकमागोमाग टायर, ट्यूब, चाकांचे बेअरिंग आणि चेन यांचे काम उरकावे.

त्यानंतर तेल. या गाडीत तेलाची जागा क्रँककेसच्याच ओतीव भागात असते आणि एक पंप तेल नेतो तर दुसरा परत आणतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेल पंपातून झिरपून खाली क्रँकच्या जागेत साचते. अशा वेळी किक मारल्यास तेल भलत्या ठिकाणी रेटले जाते आणि गळती सुरू होते. म्हणून खालचे बोल्ट काढून सारे जुने तेल काढावे, जाळी व फिल्टर साफ करावे आणि 20 डब्ल्यू 50 जातीचे नवे तेल घालावे. स्पार्क प्लग काढून ठेवून किकने इंजिन हळूहळू फिरवावे. मग वर रॉकरकडे जाणाऱ्या तेलनळीचा बोल्ट किंचित ढिला करून इंजिन थोडे चालवावे. तेथे तेल पाझरले म्हणजे रक्ताभिसरण सुरू झाले असे समजावे. न पाझरल्यास इंजिन तत्क्षणी बंद करावे. जुन्या बुलेटच्या इंजिनाचा ऱ्हास वयाने जितका होतो त्याहून अधिक या एका तपासणीच्या आळसाने होतो.

तेलानंतर ठिणगी. संपर्कबिंदूंचे तोंड स्वच्छ करून त्यांतील अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावे. कंडेन्सर हा सुपारीएवढा भाग स्वस्त असतो, तो विचार न करता बदलून टाकावा. घाटात बंद पडणाऱ्या कितीतरी गाड्या त्याच्यापायी बंद पडतात. जुन्या तारांचे आवरण उंदरांनी किंवा उन्हाने खाल्लेले असते. जागोजाग चिकटपट्टी लावण्यापेक्षा सारा तारांचा जुडगा नवीन घालणे शहाणपणाचे. झडपा हलविणाऱ्या दांड्यांचे माप या गाडीत विलक्षण सोपे आहे. इंजिन थंड असताना आणि झडपा मिटलेल्या असताना दांडी बोटांनी गरगर फिरावी, पण वर-खाली खुळखुळू नये, एवढेच. येथे मापपट्टीपेक्षा बोटाची परीक्षा खरी ठरते.

शेवटी पेट्रोल. टाकीतला गंज, कार्ब्युरेटरमधला चिकट थर आणि नळीतला कचरा पूर्णपणे काढल्याशिवाय ताजे पेट्रोल घालू नये. येथे एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले, आणि ही गाडी योजली गेली तेव्हा अशा मिश्रणाचा विचार झालेला नव्हता. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, जुने रबर फुगविते आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढविते. म्हणून नळ्या आणि रबरी वाशर नव्या प्रकारचे घालावे आणि महिनाभराहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे.

एवढे करूनही निळा धूर राहिलाच तर इंजिन उकलावे. सिलिंडर बोअर करून मोठा दट्ट्या बसविता येतो. हे वाढीव दट्टे इंचाच्या सहस्रांशांत 20, 40, 60 अशा क्रमाने मिळतात. आधीच 60 पर्यंत गेलेल्या सिलिंडरला पुढे वाव राहत नाही, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवण्यासारखे आहे. या गाडीचे पुष्कळसे नट जुन्या इंची मापाचे आहेत. मिलिमीटरच्या पान्याने ते उघडू पाहिल्यास त्यांचे कोपरे घासून गोल होतात. एखाद्या बुलेटचे नट कोरीव राहिले असतील तर ती जाणत्या हाताखाली होती, असे खुशाल समजावे.

रंगाचे काम सर्वांत शेवटी, आणि तेही शक्य तितके थोडे करावे. मूळ रंग थोडा विटलेला असला तरी तो एकदाच मिळतो. पुन्हा मिळतो तो दुसरा. सायलेन्सर काढून कानठळ्या बसविणारी नळी लावण्याची चाल हल्ली पडली आहे. ती कायद्याला धरून नाही, शेजाऱ्यांना धरून नाही आणि इंजिनाच्या प्रकृतीलाही मानवणारी नाही. या गाडीचा मूळचा सूर संथ व खर्जातला आहे, आणि तिच्या चाहत्यांना तो पुरेसा होता.

गाडी तयार झाली तरी स्वार तयार व्हावयाचा असतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. आजच्या गाड्यांवर शिकलेला मनुष्य संकटाच्या क्षणी सवयीने उजवा पाय दाबतो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. म्हणून निर्जन रस्त्यावर चार-आठ दिवस केवळ थांबण्याचा सराव करावा. किक मारण्याचीही एक रीत आहे. किल्ली फिरवावी, डावीकडची लहान मूठ दाबून सिलिंडरमधील दाब सोडावा, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच खाली न्यावी, मूठ सोडून किक वर येऊ द्यावी आणि मग पूर्ण वजनानिशी एकच किक मारावी. घाई करणाऱ्याला ही गाडी उलटा झटका देते. पिढ्यान्‌पिढ्या घोटे दुखावून घेऊन लोकांनी हा धडा शिकलेला आहे.

पहिला प्रवास घरापासून 20 किलोमीटरचा, दुसरा 50 चा आणि तिसरा 100 चा असावा. प्रत्येक वेळी परत आल्यावर प्रत्येक नट तपासावा. एकाच सिलिंडरच्या कंपनाने ते सैल होतात. नवा दट्ट्या घातला असेल तर पहिले 500 किलोमीटर ताशी सुमारे 45 च्या वर जाऊ नये आणि त्यानंतर तेल बदलावे. सह्याद्रीच्या घाटात ही गाडी तापली तर सावलीत अर्धा तास उभी करावी. तेवढा वेळ घाट पाहण्यासारखा असतोच. लडाखकडे जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणावी. समुद्रसपाटीपासून 5,000 मीटरवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा असतो. पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच येत राहते, त्यामुळे धूर काळा होतो आणि जोर खचतो. कार्ब्युरेटरमध्ये लहान जेट घातल्यास हे बरेचसे सुधारते. उतरून आल्यावर मात्र मूळ जेट परत घालण्यास विसरू नये, नाहीतर मैदानात तेच इंजिन अतिशय तापेल. रात्रीचा प्रवास टाळावा. जुन्या दिव्याचा उजेड आजच्या रस्त्यावरील वेगाला पुरत नाही आणि ड्रम ब्रेकला थांबण्यास अंतर अधिक लागते.

या सर्व कामात एका माणसावाचून अडते, आणि तो म्हणजे जुना मिस्त्री. दिल्लीच्या करोल बागेत, पुण्याच्या पेठांत, चेन्नईत किंवा एखाद्या तालुक्याच्या एस.टी. स्थानकामागे असा मनुष्य अजून भेटतो. तो पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून कोणते बेअरिंग बोलते ते सांगतो. ही विद्या त्याने कोठल्या शाळेत घेतलेली नसते, आणि तिचे पुस्तकही त्याच्याजवळ नसते. त्याचा मुलगा बहुधा संगणकाने दोष दाखविणाऱ्या नव्या गाड्यांकडे वळलेला असतो, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु जुन्या गाड्यांचे सुटे भाग आजही कारखान्यांतून निघतात. ते बसविणारे हात मात्र कोणताही कारखाना काढीत नाही. म्हणून गाडी मिस्त्रीकडे टाकून निघून जाऊ नये. त्याच्याशेजारी बसावे, तो सांगेल ते धरावे, विचारावे आणि एका वहीत तारीख, किलोमीटर, केलेले काम व बदललेला भाग लिहून ठेवावा. त्याच्या मजुरीत घासाघीस करून वाचविलेले पन्नास-शंभर रुपये त्याने सांगितलेल्या एका खुणेच्याही तोलाचे नसतात.

ती वही पुढे गाडीचा खरा इतिहास बनते. कारण जुनी गाडी घेणारा हा तिचा शेवटचा मालक क्वचितच असतो. त्याच्यापूर्वी कोणी तरी होते, त्याच्यानंतर कोणी तरी येणार आहे, आणि मधल्या काळात यंत्र, कागद आणि ते दुरुस्त करण्याचे ज्ञान या तिन्ही गोष्टी निर्दोष स्थितीत पुढच्या हाती देणे हे त्याचे काम. सत्तर वर्षांपूर्वी तिरुवोत्रियूरच्या कामगारांनी अशा रीतीने गाडी जोडली की ती पुन्हा उकलता यावी. ज्याच्या नावे तिची नोंद आहे, ज्याच्या ब्रेकवर दुसऱ्याचे मूल निर्धास्तपणे रस्ता ओलांडू शकते आणि ज्याच्या वहीत मिस्त्रीचे शब्द उतरले आहेत, त्याने त्या कामगारांचा हेतू राखला असे म्हणावे. गाडीला चकाकी आली की नाही, हे त्यानंतर पाहिले तरी चालेल.